सुट्या हाताचा गणपती

“तुझं काम कोणतं?” हा प्रश्न मला पेणमध्ये इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी “झाडू मारते” असं सांगायला लागले. ते लोकांना लगेच पटायचं. “रंगमंच व्यवस्थापन” म्हटलं की चेहरे कोरे व्हायचे. आमच्या नाटकात मोठ्या भावाचं काम करणाऱ्या विठूची आई तर म्हणाली, “म्हंजे चहा तूच करतेस व्हय गो?” मी हो म्हटलं. तो चहाही मीच करत होते.

मी आणि गोपाळ मुंबईला नाट्यशास्त्रात एम.ए. करत होतो, दुसरं वर्ष. अभिनय नाही, दिग्दर्शन नाही, व्यवस्थापन. प्रयोग वेळेवर सुरू करायचा, प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवायची, दिवा ठरल्या वाक्याला लावायचा, पडदा ठरल्या क्षणी पाडायचा, आणि हे सगळं कुणाला दिसूही द्यायचं नाही. माझे बाबा शिक्षक. ते म्हणायचे, “पडदा ओढायला एम.ए. कशाला लागतं?” त्यांनी माझ्यासाठी बी.एड.चा अर्ज आणूनही ठेवला होता. मुंबईची एक नाट्यसंस्था मला दौऱ्यावर घ्यायला तयार होती, पण पास झाले तरच. म्हणजे शेवटच्या परीक्षेत नापास झाले की आयुष्यभर खडू आणि फळा, हे ठरलेलं होतं.

ही शेवटची परीक्षा म्हणजे मुंबईबाहेर जाऊन स्थानिक हौशी कलाकारांकडून एका नाटकाचे दोन प्रयोग करून घ्यायचे. पहिला सरावाचा, दुसरा परीक्षकांसमोर. आमच्या वाट्याला पेण आणि रोहा आले. शनिवारी दुपारी पेण, रविवारी दुपारी रोहा. ऐकायला किती सोपं वाटतं!

नाटक आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिलेलं. दोन भाऊ वेगळे होतात आणि घरचा गणपती कुणाकडे बसवायचा यावर भांडतात. पहिल्या अंकात घरच्या गणपतीची पूजा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दोघांच्या ओढाताणीत मूर्तीचा हात तुटतो, अंधार, पडदा. म्हणजे मला अशी मूर्ती हवी होती जिचा हात निघेल आणि दुसऱ्या दिवशी परत बसेल.

पेणमध्ये मूर्तींना काय तोटा! गल्लीबोळांत कारखाने, ओसरीवर गणपती, माळ्यावर गणपती, वाळत घातलेले गणपती. पण हात निघणारा म्हटलं की सगळे मला दारातूनच वाटेला लावायचे. शेवटी केरू नावाचा एक कारागीर तयार झाला, तोही मी आठवडाभर रोज जाऊन डोकं खाल्लं म्हणून.

“हात खुंटीवर बसवीन, रंग देईन, दागिनं काढीन,” तो म्हणाला. “पण आखणी करायची नाय.”

आखणी म्हणजे डोळे काढणं. डोळे काढले की मूर्ती देव व्हायच्या वाटेला लागली, असं त्याचं म्हणणं. डोळे नसले तर ती बाहुली, आणि बाहुलीचा हात तुटला तर कुणाला पाप लागत नाही. मी म्हटलं, चालेल. प्रेक्षकांना लांबून काय कळतंय?

पूजा सांगणाऱ्या भटजींच्या भूमिकेत दिनानाथ सर होते. पेणचेच निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटल्यापासून खरोखरच घरोघरी पूजा सांगायचे. तालमीत मात्र नुसतं पुटपुटायचे. मी त्यांना बजावलं होतं, “सर, ओठ हलवा, पाणी शिंपडा, फुलं वाहा आणि उठा. धाकट्या भावाचं वाक्य लगेच आहे.” ते “हो हो” म्हणायचे. तालमीत एकदाही चुकले नाहीत, म्हणून मी गाफील राहिले.

शनिवारी प्रयोगाच्या आधी मी पडद्याला टाचण्या लावत होते. काही टाचण्या तोंडात, काही हातात. दिनानाथ सर सोवळं नेसून आले आणि म्हणाले, “श्यामला, तुझं गोत्र कोणतं गं?”

मला हसावं की चिडावं कळेना. पहिली घंटा व्हायची वेळ आणि यांना स्थळं सुचतायत! “काश्यप,” मी टाचण्यांमधूनच म्हटलं, “आणि सर, मला इतक्यात लग्न करायचं नाहीये.” ते मान हलवून निघून गेले.

पहिल्या अंकात पडदा उघडला आणि विंगेतून मला मूर्ती दिसली. तिला डोळे होते. चांगले काळेभोर, पापण्यांसकट.

मी वॉकीटॉकीवर गोपाळला विचारलं. तो मागे दिव्यांच्या टेबलाशी होता. “अगं, पहिल्या रांगेतून आंधळा दिसत होता गणपती,” तो म्हणाला. “मी मेकअपच्या पेन्सिलीने काढले. मस्त आलेत ना?”

त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोवर रंगमंचावर दिनानाथ सरांनी आचमन केलं होतं. पुटपुटणं नव्हतं ते. खणखणीत मंत्र सुरू झाले. मग संकल्प, मग मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून प्राणप्रतिष्ठा. सगळं साग्रसंगीत. धाकट्या भावाचं काम करणारा शिवा आपलं वाक्य तोंडात धरून तिष्ठत उभा. मी विंगेतून हातवारे करतेय, “सर, उठा! उठा!” म्हणून कुजबुजतेय, गोपाळला दिव्यांच्या सूचना देतेय, आणि सर डोळे मिटून बसलेले. सभागृहातल्या बायकांनी हात जोडले. मागच्या रांगेत कुणीतरी उठून उभं राहिलं. मग सगळेच उभे राहिले.

पहिला अंक लांबला तो लांबलाच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हात तोडायची वेळ आली. विठू मूर्तीजवळ गेला, हाताला हात लावला आणि तसाच थांबला. अंधार करायचा तो हात पडल्यावर. हात पडेना. गोपाळ सूचनेची वाट बघतोय, मी विठूची. शेवटी विठू खाली वाकला, मूर्तीच्या पाया पडला आणि विंगेत माझ्याकडे आला.

“ताई, मी नाय तोडणार,” तो म्हणाला. “देव हाय तो आता.”

मी पडदा पाडला. टाळ्या पडल्या, त्याही कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. सामान आवरायला रंगमंचावर गेले तर तिथे दर्शनाची रांग. कुणी नारळ ठेवतंय, कुणी जास्वंद. हॉलच्या शिपायाने मला हटकलं, “ओ बाई, चपला काढा की!”

मी कपाळावर हात मारला आणि थेट दिनानाथ सरांना धरलं. “सर, हे काय केलंत तुम्ही?”

“डोळे काढले होते मूर्तीला,” ते शांतपणे म्हणाले. “आखलेल्या मूर्तीसमोर बसून खोटं पुटपुटायचं? मला नाही जमत ते. निदान दीड दिवस तरी आता ठेवायला हवा.”

“उद्या रोह्याला प्रयोग आहे! माझी परीक्षा आहे!”

“बसलेला गणपती हलवत नाहीत. आणि त्याला एकटा टाकून आपण सगळे रोह्याला कसे जाणार? सकाळ-संध्याकाळ आरती, नैवेद्य...”

मी तडक केरूकडे धावले. दुसरी मूर्ती दे म्हटलं. तो एका मोठ्या गणपतीच्या सोंडेला पॉलिश मारत होता. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाला, “आखलंत ना डोळं? मी काय सांगितलं व्हतं?”

“मी नाही आखले, गोपाळने आखले.”

“मग गोपाळला सांगा करायला.”

“साधी मूर्ती दे. हात निघणारी नको.”

“आणि ती पण बसवताल. नाय, ताई. तुमच्या नाटकाला आता माझ्याकडून मूर्ती नाय.”

आजूबाजूला शेकडो गणपती होते. गणपतींच्या गावात मला एक गणपती मिळेना. संताप आला, रडूही आलं. मी केरूच्या ओसरीवर बसून दोन्ही उरकून घेतलं, आणि त्याने मला पाणी दिलं, मूर्ती दिली नाही.

हॉलवर परत आले तेव्हा सगळी मंडळी गणपतीसमोर सतरंजीवर बसली होती. समई लावलेली. डोळे काढल्याची शिक्षा म्हणून मी गोपाळला समईत तेल घालायला बसवलं होतं, आणि तो गृहस्थ चक्क खुशीत होता. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. म्हटलं, उद्या प्रयोग झाला नाही तर मी नापास. वर्ष गेलं, नोकरी गेली, झालं. तुमचा देव तुमच्यापाशी, माझं काय ते मला सांगा.

दिनानाथ सरांनी शेंडीला हात लावून विचार केला. मग म्हणाले, “उत्तरपूजा सकाळी करता येईल. त्यानंतर मूर्ती हलवायला हरकत नाही. मग विसर्जन.”

“मग काय उपयोग?”

“विसर्जन पेणलाच करायला पाहिजे असं कुठे आहे? कुंडलिका नदी रोह्यात आहे. आपण मिरवणुकीने रोह्याला नेऊ. मिरवणूक कितीही लांब असू शकते.” त्यांनी एक बोट वर केलं. “वाटेत एक प्रयोग.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांचा गळा दाबावासाही वाटला. “आणि हात?” मी विचारलं.

“विसर्जनाआधी मूर्ती खंडित करायची नाही. ते मात्र जमणार नाही.”

म्हणून मी शेवट ठरवून दिला. विठूने हाताला हात लावायचा, सगळ्यांनी तिथेच गोठायचं, मी लगेच अंधार करीन, पडदा पाडीन. कुणी जागचं हलायचं नाही. मी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. दिनानाथ सरांकडून दोनदा.

रविवारी सकाळी उत्तरपूजा झाली आणि आमचा टेम्पो निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी दिनानाथ सर मांडीवर मूर्ती घेऊन. मागे नेपथ्य, कपड्यांच्या ट्रंका आणि आम्ही. मिरवणूक आहे म्हटल्यावर शिवाने झांजा आणलेल्या. वडखळ नाक्यावर विठू उभा होता, डोलवीच्या कंपनीतली रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. तो चढला आणि पहिली झोप घ्यायच्या ऐवजी “मोरया” ओरडला. झालं! नाक्यावरचे लोक जमले. भाद्रपद नाही, माघ नाही, भर मार्चमध्ये गणपती कुठला, म्हणून चौकशा. सर प्रत्येकाला सविस्तर सांगतायत. मी हातातलं घड्याळ त्यांच्या नाकासमोर नाचवतेय.

नागोठण्याला एक बाई आडवी आली. “थांबा गो, निरांजन आणते.” आणि घरात गेली ती गेलीच. मी ड्रायव्हरला म्हटलं, चला. तो म्हणाला, “आरतीला थांबलेला गणपती मी नाय हलवणार. तुमचं काम कोणतं ओ यात?” त्या बाईने आरती केली, प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली, माझ्याही. मी ती साखर रागारागाने चघळली.

रोह्याच्या हॉलवर पोचलो तेव्हा परीक्षक आलेले होते. किडकिडीत, पांढरा शर्ट, मांडीवर नाटकाची संहिता उघडलेली. मुंबईला त्यांच्याबद्दल ऐकलं होतं की पडदा एक श्वास उशिरा पडला तरी ते लिहून घेतात. मी सामान लावलं. विंगेत आमचं प्रॉपर्टीचं टेबल मांडलं. त्यावर पांढरा कागद असतो आणि प्रत्येक वस्तूच्या आकाराची रेघ मारलेली असते. समईची समईला, तांब्याची तांब्याला, मूर्तीच्या पाटाची पाटाला. काय कुठे आहे हे अंधारातही कळतं, आणि प्रयोग संपल्यावर प्रत्येक घर भरलेलं असायला हवं. तिसरी घंटा मी वेळेवर दिली. कशी दिली ते माझं मला माहीत.

आणि प्रयोग रंगला! उत्तरपूजा झालेली, म्हणून दिनानाथ सर नुसते पुटपुटले. दिवे नेमके लागले. शिवा वाक्य विसरला नाही. विंगेत उभी राहून मला वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की हे मला येतं, हेच मला येतं. शेवटचा प्रसंग आला. भांडण चढलं, विठूने मूर्तीच्या हाताला हात लावला, सगळे गोठले. मी वॉकीटॉकी तोंडाशी नेली.

तेवढ्यात दिनानाथ सरांनी बाजूच्या उघड्या दाराकडे बघितलं. दारातून उन्हाची तिरीप आत आली होती, पिवळी, उतरती. सूर्यास्ताआधी विसर्जन, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि रंगमंचावरून गर्जना केली, “गणपती बाप्पा!”

“मोरया!” सगळं सभागृह.

विठू आणि शिवाने मूर्ती पाटासकट उचलली. मला वाटलं, विंगेत आणतील. त्यांनी ती समोरून उतरवली, प्रेक्षकांतून. लोक उठले, रस्ता करून दिला, मागे निघाले. कुणीतरी झांजा धरल्या. मी वॉकीटॉकीवर ओरडले, “गोपाळ, अंधार!” उत्तर नाही. गोपाळ दिवे तसेच सोडून मिरवणुकीत नाचत होता. आणि त्याच्यामागे, चपला हातात घेऊन, परीक्षक.

हॉल रिकामा झाला. मी पडद्याच्या दोरीला हात लावून उभी. पडदा पाडायचा कुणासाठी?

प्रयोगानंतर व्यवस्थापकाने सगळ्यांत शेवटी निघायचं असतं, हा आमच्या अभ्यासातला पहिला नियम. तो मी पाळला. दिवे मालवले. फुलं आणि दूर्वा पडलेला रंगमंच झाडला. मग टेबलाशी गेले. त्यावर फक्त रेघा, वस्तू सगळ्या विखुरलेल्या. आणि मी तिथे उभी राहून हमसाहमशी रडले. नापास तर मी होतेच. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त लागलं ते हे की एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की तिला हाक मारावी. मीच आणलेला गणपती, मीच केलेला प्रयोग, आणि त्यात माझं काम कोणतं ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

पावलं वाजली. परीक्षक परत आले होते, घामाघूम, अनवाणी, शर्टावर गुलाल.

“तू श्यामला ना?” त्यांनी विचारलं. “चल लवकर. नदीवर सगळं अडलंय.”

“काय अडलंय?”

“ते भटजी मूर्ती पाण्यात सोडू देत नाहीत. म्हणतायत यजमान आल्याशिवाय विसर्जन नाही. संकल्प तुझ्या नावाने झालाय म्हणे. काश्यप गोत्र, श्यामला.”

मला टाचण्या आठवल्या. त्यांनी खरंच गोत्रच विचारलं होतं.

“मला हॉल सोडता येत नाही, सर,” मी डोळे पुसत म्हटलं. “सामान टेबलावर नाहीये. शेवटी मीच निघायचं असतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि माझ्या हातातला झाडू काढून घेतला. “मी थांबतो,” ते म्हणाले. “सामान मी लावतो. तू जा.”

मी धावत गेले. कुंडलिकेच्या घाटावर ही गर्दी! सगळा प्रेक्षकवर्ग पायऱ्यांवर. दिनानाथ सर, विठू आणि शिवा कमरेएवढ्या पाण्यात मूर्ती धरून उभे, सूर्य अगदी टेकलेला. कुणीतरी विचारलं, “ही कोण ओ?”

“हिचाच गणपती आहे,” सर पाण्यातून म्हणाले. “वाट द्या तिला.”

लोकांनी वाट दिली. मी साडीनिशी पाण्यात उतरले. विठूने मूर्तीचा तो सुटा हात आपल्या मुठीत घट्ट धरला होता.

“हात मी धरलाय, ताई,” तो म्हणाला. “निसटायचा नाय. तुमी सांगा कधी.”

सगळे माझ्याकडे बघत होते. विठू, शिवा, सर, घाटावरची ती सगळी माणसं, माझ्या शब्दासाठी थांबलेली. वर्षभर मी अंधारात उभी राहून कुणाला न दिसता सूचना देत आले होते. ही पहिली सूचना मी उजेडात दिली.

“हं,” मी म्हटलं. “सोडा.”

ओल्या कपड्यांनी परत आले तेव्हा परीक्षक टेबलाशी खुर्ची टाकून बसले होते. पुढे त्यांनी मला पास केलं. शेरा लिहिला, “पडदा पडला नाही, त्याची गरज नव्हती.” बाबांनी तो शेरा चष्मा लावून वाचला आणि बी.एड.चा अर्ज कपाटात परत ठेवला. पण त्या संध्याकाळी परीक्षकांनी नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. तांब्या समईच्या घरात, समई ताम्हनाच्या घरात, पळी भलतीकडेच. एकही वस्तू जागेवर नव्हती. मूर्तीच्या पाटाची जागा मात्र त्यांनी बरोबर रिकामी ठेवली होती.